बाळंतपणाची जागा : कोल्हापूरच्या एका स्त्री-कक्षाचा इतिहास

घरात लेक किंवा सून गरोदर आहे असे कळले की आजच्या कुटुंबात पहिल्या काही दिवसांतच एक प्रश्न निघतो : नाव कोणत्या दवाखान्यात घालायचे? मग आत्याबाई आपल्या डॉक्टरीणबाईंची थोरवी सांगतात, शेजारची वहिनी खर्चाचा आकडा ऐकवते, कुणी अंतराचा विचार मांडते, तर कुणी रात्री-अपरात्री तिथे कोण असते याची चौकशी करते. निवड करता येते हे आपण गृहीतच धरलेले असते. पण हा प्रश्न विचारता येणे ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आपल्या खापरपणज्यांपुढे असा प्रश्नच नव्हता. तो कसा निर्माण झाला याचा मागोवा घेऊ लागलो, की वाट कोल्हापूर शहरातल्या एका इस्पितळाच्या दारी येऊन पोहोचते. आणि तेथून पुढे ती आपल्या ख्रिस्तसभेच्या अंगणातही शिरते.

त्या काळी बाळंतपण घरातच होई. पहिलटकरीण माहेरी येई. घरातली एखादी मागची, काळोखी खोली तिच्यासाठी मोकळी केली जाई. बाज, शेगडी, धुरी आणि वारा लागू नये म्हणून बंद केलेली खिडकी अशी तिची सिद्धता असे. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा होई. या साऱ्या व्यवहाराची सूत्रे सुईणीच्या हाती असत. आज सुईणीचा उल्लेख काहीशा तुच्छतेने होतो; ते न्याय्य नाही. शेकडो बाळंतपणे पाहिलेली ती अनुभवी स्त्री होती; धीर देण्याची तिची हातोटी कोणत्याही पुस्तकात सापडणारी नव्हती, आणि बहुसंख्य बाळंतपणे तिच्या हातून सुखरूप होत. परंतु मूल आडवे आले, रक्तस्राव थांबेना, किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतिणीला ताप चढला, की तिचे ज्ञान संपे. तेथून पुढे नवस आणि नशीब. पुरुष डॉक्टर गावात असला तरी त्याला माजघरात बोलावणे बहुतेक घरांत अशक्यप्राय होते. आणि बोलावले तरी पडद्याआडच्या स्त्रीची नाडी पाहण्यापलीकडे त्याला फारसे काही करता येत नसे.

अशा काळात, १८८१ ते १८८४ या वर्षांत, कोल्हापूर दरबारने शहरात एक भव्य इस्पितळ बांधले. वास्तुशिल्पी होते मेजर चार्ल्स मँट; कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि टाउन हॉल ही त्यांचीच निर्मिती. इंग्लंडच्या युवराजाच्या नावावरून या वास्तूला 'आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल' असे नाव दिले गेले. आज आपण तिला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, अर्थात 'सीपीआर' म्हणून ओळखतो. या इस्पितळात स्त्रियांसाठी स्वतंत्र कक्ष होता. दरबारची दृष्टी त्या काळाच्या मानाने उदारच म्हटली पाहिजे. पण भिंती उभ्या राहिल्या म्हणून स्त्रिया आत येतील असे नव्हते. आत त्यांना तपासणार कोण, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना दरबारची दृष्टी सातासमुद्रापलीकडे गेली.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव मराठी वाचकाला परिचित आहे. त्यांच्या कथेतील कोल्हापूरचा धागा मात्र पुष्कळदा निसटून जातो. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणचा. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि अवघ्या दहा दिवसांत ते मूल गेले. योग्य वैद्यकीय मदत न मिळाल्याचे हे शल्य त्यांच्या पुढच्या साऱ्या निश्चयाच्या मुळाशी होते. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात होते आणि बदलीच्या निमित्ताने काही काळ कोल्हापुरात होते. पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी त्यांनी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला तो याच सुमारास. तो प्रिन्स्टन येथील एका मिशनरी मासिकात छापला गेला. मासिकाचे संपादक रेव्हरंड रॉयल वाइल्डर हे स्वतः पूर्वी कोल्हापुरात काम केलेले मिशनरी. मदत हवी असेल तर आधी ख्रिस्ती व्हावे, अशा आशयाचा सल्ला त्यांनी दिला. जोशी दांपत्याने तो मानला नाही. पुढे १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता हा अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी कोणतीही अट न घालता हात पुढे केला. ख्रिस्ती वाचकाने या दोन प्रतिसादांतील अंतर लक्षात ठेवावे असे आहे.

आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांकडून त्यांना नेमणुकीचे पत्र गेले : आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्री-कक्षाचे प्रमुखपद. ज्या गावातून त्यांच्या शिक्षणाची खटपट झाली होती, त्याच गावाने त्यांना बोलावले होते. त्या वर्षाच्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. कोल्हापूरच्या त्या कक्षात त्यांनी एकाही बाळंतिणीवर उपचार केला नाही. इतिहासात ही नेमणूक केवळ कागदावरच राहिली.

तरीही ती निष्फळ होती असे म्हणता येत नाही. त्या नेमणुकीने एक तत्त्व मान्य झाले : स्त्रीसाठी इस्पितळ उभारायचे तर आत स्त्री डॉक्टर हवी. हा विचार तेव्हा अन्यत्रही मूळ धरीत होता. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी १८८५ मध्ये स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी निधी सुरू केला. तर मुंबईत पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले, स्त्री डॉक्टरांच्या हाती सोपवलेले कामा हॉस्पिटल १८८६ साली उघडले. बाळंतपणाची जागा निवडणे म्हणजे प्रथम हात निवडणे, ही गोष्ट आपल्या समाजातील स्त्रियांनी न बोलता सांगितली होती. दवाखाना असूनही त्या तिथे जात नव्हत्या, हेच त्यांचे बोलणे होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इस्पितळ म्हणजे सुरक्षितता आणि घर म्हणजे धोका, असा हिशेब तेव्हा जगात कुठेच सरळ नव्हता. युरोपात प्रसूतिगृहे होती. पण बाळंतरोगाने त्यांतल्या कित्येकांची स्मशाने केली होती. व्हिएन्नाच्या सार्वजनिक इस्पितळातील उदाहरण बोलके आहे. तेथे दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातील अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तिघींहून कमी. कोणत्या दिवशी कोणत्या विभागात भरती होणार हे ठरलेले असे. आणि गरीब स्त्रिया पहिल्या विभागात टाकू नका म्हणून पाया पडत, कधी मुद्दाम रस्त्यावरच बाळंत होऊन मग येत. तज्ज्ञांना जे कळत नव्हते ते त्यांना कळले होते.

तेथील डॉ. इग्नात्स सेमेलवाइस कारण शोधू लागले. मरणासन्न बाळंतिणींना अंतिम संस्कार देण्यासाठी धर्मगुरू घंटा वाजवीत पहिल्या विभागातून जात. त्या घंटेच्या भीतीने तर स्त्रिया आजारी पडत नसतील, अशीही शंका त्यांना आली. त्यांनी धर्मगुरूंना मार्ग बदलण्याची आणि घंटा न वाजवण्याची विनंती केली. मृत्यू थांबले नाहीत. १८४७ साली शवविच्छेदन करताना जखम होऊन त्यांचे एक सहकारी वारले, आणि त्यांच्या आजाराची लक्षणे बाळंतरोगासारखीच दिसली. तेव्हा उलगडा झाला : शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांबरोबर मरण येत होते. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती होताच पुढच्या वर्षी मृत्यूचे प्रमाण शंभरात सव्वा इतके उतरले. समकालीनांनी मात्र त्यांना मानले नाही. १८६५ साली, आनंदीबाईंच्या जन्मवर्षीच, ते वेड्यांच्या इस्पितळात वारले. म्हणजे स्त्रीने जागा निवडताना दोन गोष्टी पाहायच्या होत्या. आतला हात आपुलकीचा आहे का, आणि तो हात स्वच्छ आहे का. सुईणीकडे बहुधा पहिली होती, दुसरी नव्हती. व्हिएन्नाच्या विद्वानांकडे दोन्ही नव्हत्या.

कोल्हापुरात या दोन्ही गोष्टी एकत्र येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १८९४ साली राज्यकारभार हाती घेतलेल्या शाहू महाराजांनी स्त्रीशिक्षणास पाठबळ दिले. मुलींच्या शाळांची जबाबदारी रखमाबाई केळवकर यांच्याकडे होती. त्यांची कन्या कृष्णाबाई पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून रुजू झाल्या. आनंदीबाईंसाठी योजलेले काम अशा रीतीने दुसऱ्या एका मराठी स्त्रीच्या हातून सुरू झाले. आईने मुलींना शाळेत आणावे आणि लेकीने त्यांच्या बाळंतपणाला उभे राहावे, असे हे घर होते.

याच सुमारास दुसरे दारही उघडत होते. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस इस्पितळ सुरू केले आणि त्याची कीर्ती दक्षिण महाराष्ट्रभर पसरली. त्यांच्या पत्नीच्या नावाचे मेरी वॉनलेस हॉस्पिटल कोल्हापुरात उभे राहिले. दरबारचे इस्पितळ की मिशनचे, असा पर्याय कोल्हापूरच्या स्त्रीपुढे प्रथमच आला. आपल्या प्रोटेस्टंट बंधुभगिनींच्या या सेवेचे ऋण कॅथलिक लेखणीने मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

येथे साहजिकच प्रश्न उभा राहतो : त्या काळी आपण कुठे होतो? धर्मभगिनींचे मठ, शाळा, अनाथालये भारतभर होती. रोग्यांची शुश्रूषा तर व्रतस्थांचा जुनाच वारसा. मग प्रसूतिगृहे का नव्हती? उत्तर सांगताना थोडा संकोच वाटतो. ती असूच शकत नव्हती. ब्रह्मचर्यव्रत घेतलेल्या भगिनींनी प्रसूतीच्या कामात पडू नये, असा रोमचा दंडक होता. व्रतस्थांनी वैद्यकी करण्यासही १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार खास परवानगी लागे. हेतू व्रताचे रक्षण हा होता आणि तो वाईट नव्हता. पण त्याची किंमत व्रतस्थांनी मोजली नाही. जेथे पुरुष डॉक्टरला प्रवेश नाही आणि धर्मभगिनीला परवानगी नाही, अशा माजघरातल्या बाळंतिणीने ती मोजली.

या दंडकातील विसंगती विचार करण्याजोगी आहे. त्याच संहितेने धर्मगुरूंना बजावले होते की, श्रद्धावंतांना, विशेषतः सुईणी व वैद्य यांना, संकटसमयी स्नानसंस्कार कसा द्यावा हे नीट शिकवावे. म्हणजे मरणोन्मुख अर्भकाच्या कपाळी पाणी घालून त्याला ख्रिस्ताच्या स्वाधीन करण्याचा अधिकार ख्रिस्तसभेने सुईणीच्या ओल्या हातांना दिला होता. आणि तेच अर्भक जिवंत जन्मावे म्हणून झटण्याची मोकळीक मात्र आपल्या कन्यांना दिली नव्हती. पवित्र मरिया गरोदर एलिझाबेथच्या भेटीला डोंगराळ मुलुखात घाईघाईने गेली आणि तीन महिने तिच्याजवळ राहिली, असे लूककृत शुभवर्तमान सांगते. तो प्रसंग आपण दर मे महिन्याच्या शेवटी साजरा करतो. कन्यकेने बाळंतिणीजवळ असण्याचा याहून पवित्र दाखला कोणता?

हा दंडक बदलला तो भारतातील स्त्रियांमुळे, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी ठाऊक नाही. डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश विदुषीने १८७८ साली फ्रान्समध्ये वैद्यकीय पदवी मिळवली आणि १८९८ मध्ये साठी ओलांडल्यावर कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. पडद्यातल्या भारतीय स्त्रिया पुरुष डॉक्टरपेक्षा मरण पत्करतात हे कळल्यावर त्यांनी रावळपिंडीला स्त्रिया व मुलांसाठी सेंट कॅथरिन इस्पितळ उभारण्यास पुढाकार घेतला. सत्तरी ओलांडलेली ती वृद्धा दंडक शिथिल व्हावा म्हणून रोमचे उंबरे पुन्हा पुन्हा झिजवीत राहिली. १९१३ साली ती वारली तेव्हा निर्णय झाला नव्हता. पण ऑस्ट्रियातील ॲना डेंगेल या तरुणीला तिने पत्रांतून या कामाची दीक्षा दिली होती. दोघींची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. डेंगेल आयर्लंडमध्ये डॉक्टर झाल्या, १९२० पासून रावळपिंडीला राबल्या, आणि १९२५ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन येथे 'मेडिकल मिशन सिस्टर्स' हा संघ स्थापला. दंडकामुळे या भगिनींना तेव्हा जाहीर व्रते घेता येत नव्हती. त्यांनी ती उणीव पत्करली, काम सोडले नाही.

मॅक्लारेनबाईंच्या कार्यावरील एक पुस्तिका १९१५ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. मेरी ग्लॉरी यांच्या वाचनात आली. पाच वर्षांनी त्या आंध्रातील गुंटूरला पोहोचल्या आणि धर्मभगिनी झाल्या. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी त्यांना वैद्यकी करण्याची विशेष परवानगी दिली. १९४३ मध्ये भारतातील कॅथलिक इस्पितळांची संघटना त्यांनीच स्थापली. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्द्स मातेच्या सणाच्या दिवशी, रोमने आदेशपत्र काढले : मिशनच्या प्रदेशांतील धर्मभगिनींनी वैद्यकीय व प्रसूतिशास्त्राचे शिक्षण घ्यावे, माता व बालके यांची सेवा करावी. कोल्हापूर दरबारने आनंदीबाईंना पाठवलेल्या पत्राला त्या वर्षी पन्नास वर्षे झाली होती. एका संस्थानाला जे १८८६ मध्ये सुचले ते आपल्याला १९३६ मध्ये उमगले, असे कुणी म्हटले तर त्यावर रागावण्याचे कारण नाही. त्यानंतर मात्र धर्मभगिनींनी गमावलेला काळ भरून काढण्याची शिकस्त केली. आज दूरवरच्या आदिवासी पाड्यांतील लहान दवाखान्यांपासून मोठ्या शहरांतील इस्पितळांपर्यंत किती नवजात बालकांचा पहिला श्वास भगिनींच्या ओंजळीत पडला असेल, त्याची गणती कोण करणार?

आता चित्र पालटले आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभरातील सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यांत होतात. कोल्हापुरात सीपीआर आजही गोरगरिबांचा आधार आहे. खासगी प्रसूतिगृहे तर गल्लोगल्ली आहेत. परंतु निवडीचे स्वातंत्र्य मिळाले म्हणजे निवड शुद्ध झाली असे नव्हे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे केवळ ८३९ मुली आढळल्या. २०११ मध्ये ८६३. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच, देशात सर्वप्रथम केला होता. ज्या शहराने स्त्रियांसाठी परदेशातून डॉक्टर बोलावली, त्याच शहराच्या परिसरात कित्येक कुटुंबे 'ती सुखरूप बाळंत होईल का' असे विचारायचे सोडून 'मुलगी तर नाही ना' असे विचारण्यासाठी डॉक्टरांचे दार शोधत राहिली. यात अमुक धर्माचे लोक नव्हते असे छातीठोकपणे सांगण्याचे धाडस आपण करू नये.

म्हणून नाव कुठे घालायचे हा प्रश्न घरगुती असला तरी क्षुल्लक नाही. इमारत किती उंच, खोली वातानुकूलित की साधी, याची चौकशी आपण जरूर करावी. पण इतिहासाने शिकवलेले प्रश्न आधी विचारावेत. मध्यरात्री कळा सुरू झाल्या तर प्रत्यक्ष कोण हजर असेल? हात स्वच्छ असतील का? रक्ताची गरज पडली तर ते किती वेळात मिळेल? शस्त्रक्रिया आवश्यक असेल तेव्हाच केली जाते ना? कळा देणाऱ्या बाईशी तिथे कसे बोलतात? आणि सर्वांत आधी विचारण्याचा, पण बहुधा राहून जाणारा प्रश्न : जिला बाळंत व्हायचे आहे, तिला स्वतःला कुठे जावेसे वाटते? व्हिएन्नाच्या गरीब बायकांना हे कुणी विचारले नाही. कोल्हापूरच्या पडद्यातल्या बायकांनाही विचारले नाही. उत्तर दोघींना ठाऊक होते.

आणि आपल्या धर्मग्रामापुरता एक प्रश्न उरतो. बेथलेहेमच्या उतारशाळेत एका गरोदर मातेला जागा मिळाली नाही, हे आपण दर नाताळात ऐकतो आणि त्या उतारशाळेच्या मालकाला मनातल्या मनात दोष देतो. पैशाअभावी, अंतराअभावी किंवा घरच्यांच्या हट्टामुळे ज्या मातेला आजही योग्य जागा मिळत नाही, ती आपल्याच वाडीत, आपल्याच धर्मग्रामात असू शकते. तिच्या वाहनाची सोय करणे, तिच्यासाठी रक्त देणे, दोन दिवस तिच्या थोरल्या मुलांना आपल्या घरी जेवू घालणे, हे करायला कोणत्याही आदेशपत्राची वाट पाहावी लागत नाही.